गडी बदलणारा फड

मिनिस्ट्री या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९८९-९० च्या दौऱ्यांत रंगमंच आणि प्रेक्षक यांमध्यें तारेची जाळी असे, व मागें दोन ढोलवादक बसत: मार्टिन अ‍ॅटकिन्स आणि विल्यम रीफ्लिन. दौरा संपला, पण जमलेला मेळ मोडणें त्यांना रुचेना. त्यांतूनच, यंत्रांच्या खडखडाटाला ताल मानणाऱ्या ‘इंडस्ट्रियल रॉक’चा ‘पिगफेस’ हा फड उभा राहिला. १९९१ च्या ‘गब’ या पहिल्या तबकडीसाठीं ट्रेंट रेझनर यांनीं गाइलेलें गाणें १९९२ सालीं त्यांच्याच ‘नाइन इंच नेल्स’नें पुन्हां मुद्रित केलें, पाहुण्यानें आपलें ताट घरीं न्यावें तसें! गडी दर दौऱ्याला बदलत. मग फड तोच कसा? माझ्या मतें, बोलावणारा तोच म्हणून. रीफ्लिन २०२० सालीं वारले; त्याआधींच्या वर्षीं अ‍ॅटकिन्स नवा-जुना मेळ घेऊन पुन्हां दौऱ्यावर निघाले होते.