उज्जयिनीची रेषा आणि पडद्यावरचे ठिपके

उज्जैनला गेलेला मराठी माणूस महाकालाचे दर्शन घेतो, क्षिप्रेवर हातपाय धुतो, १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी इथे होती याची आठवण काढतो आणि परततो. वेधशाळेकडे पाय वळवणारे थोडे. माझे वळले ते एका माजी विद्यार्थ्यामुळे. भूमितीत जेमतेम पास झालेला हा मुलगा आज तिथे संगणकावर नकाशे काढतो.

त्याने पडद्यावर एक छायाचित्र उघडले. ड्रोनने वरून टिपलेले, नदीकाठच्या वस्तीचे. त्यावर जीपीएसने जमिनीवर मोजून आणलेले बिंदू ठेवायचे होते. ठेवले, तर घाटाच्या पायरीचा बिंदू गल्लीत आणि चौकाचा बिंदू कुणाच्या तरी माडीवर! सगळे ठिपके एकाच दिशेला, पूर्व-आग्नेयेला, शे-सव्वाशे मीटर सरकलेले.

"मग चित्रच जरा ओढून घे की," मी म्हणालो.

"ओढता येतं, सर. पण का सरकलं ते कळल्याशिवाय ओढायचं नाही. आता सांगा, तुम्ही आम्हाला उज्जैनचं रेखांश शून्य शिकवलं होतं ना?"

शिकवले होते खरे. आपल्या सिद्धान्तकारांची मध्यरेषा विषुववृत्तावरच्या कल्पित लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत जाई. भास्कराचार्यांनी कुरुक्षेत्रही तिच्यावरच धरले आहे. आजच्या मोजणीने उज्जैन ७५ अंश ४६ कलांवर, तर कुरुक्षेत्र त्याच्या पूर्वेला सुमारे एक अंश, म्हणजे शंभरेक किलोमीटर. विषुववृत्तापासून अवंती पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या हिश्श्यावर, असेही आचार्य सांगतात. सोळावा हिस्सा म्हणजे साडेबावीस अंश, प्रत्यक्षात उज्जैन २३ अंश ११ कलांच्या आसपास. बाराव्या शतकाच्या मानाने ही चूक म्हणावी की कौतुक? मी कौतुकच म्हणेन. शून्य कुठले हे त्यांनी आधी सांगून ठेवले, म्हणून तर आज त्यांचा फरक आपल्याला मोजता येतो.

पुढे अठराव्या शतकात माळव्याचा सुभा असलेल्या सवाई जयसिंगाने इथे वेधशाळा बांधली. तिच्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत क्षितिजाशी २३ अंश १० कलांचा कोन करते. गावाचा अक्षांशच चुन्या-विटांत बांधून ठेवलेला! पडझड झालेल्या या वास्तूचा १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक झाले. गणिताने येणारा ग्रह आकाशात दिसणाऱ्या ग्रहाशी जुळला पाहिजे, हा आपट्यांचा ध्यास. दृक्प्रत्यय म्हणतात तो हाच. जिवाजी वेधशाळा १९४२ पासून ग्रहस्थितीचे पंचांग काढते.

माझ्या विद्यार्थ्याचे दुखणेही याच जातीचे होते. बिंदू म्हणजे गणित, छायाचित्र म्हणजे डोळ्यांना दिसणारे. दोघांचे शून्य मात्र वेगळे. इंग्रजांची मोजणी १८०२ मध्ये मद्रासेहून निघाली. एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे मान ठरवले आणि भारताच्या नकाशांचे मूळ ठाणे झाले सिरोंजजवळचे कल्याणपूर. उज्जैनहून ते ईशान्येला दोनशे किलोमीटरहून थोडे पुढे. म्हणजे शून्य माळव्याचा शेजार सोडून फारसे लांब गेलेच नाही! ते मान भारतापुरते चपखल बसले, पण त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्यापासून सुमारे आठशे मीटर दूर. उपग्रह फिरतो तो खऱ्या मध्याभोवती, म्हणून जीपीएसचे मान निराळे. मोजणीच्या यंत्रात कुणीतरी जुने भारतीय मान निवडून ठेवले होते आणि छायाचित्र नव्या मानाचे होते. त्यातून हे सव्वाशे मीटर.

मान बदलले तरी काम संपत नाही. मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशाला अंश चालत नाहीत, त्याला सपाट कागद लागतो. ७५ आणि २३ हे आकडे तसेच घातले, तर अख्खे उज्जैन एका ठिपक्यात मावते. म्हणून सहा-सहा अंशांच्या पट्ट्या करून मीटरमध्ये अंतरे घ्यायची. उज्जैनची पट्टी ४३ वी, ७२ ते ७८ अंशांची. आपले बेळगावही त्याच पट्टीत. पट्टीच्या मधल्या रेषेपासून उज्जैन पूर्वेला अठ्ठ्याहत्तरेक किलोमीटर, बेळगाव पश्चिमेला पन्नासेक. चित्राच्या ओळी वरून खाली मोजल्या जातात आणि उत्तरेचे अंतर खालून वर. ते उलटे चिन्ह विसरले, की गाव डोक्यावर उभे राहते.

जुळवणीसाठी दोन बिंदू पुरतात. त्यांनी चित्र सरकते, वळते आणि लहानमोठे होते. पण दोन बिंदू नेहमीच जुळतात, चुकीचे असले तरीही! म्हणून जास्तीचे घ्यायचे, चारी कोपऱ्यांना आणि मध्ये, आणि एक जुळवणीत न वापरता तपासणीला राखून ठेवायचा. देवळाचा कळस कधीच घ्यायचा नाही, वरून घेतलेल्या चित्रात तो बाहेरच्या बाजूला कललेला दिसतो. घ्यायचा तो ओट्याचा कोपरा. मान सुधारल्यावर राखून ठेवलेला बिंदू चार बोटांच्या फरकाने बसला.

मी इतके खोदून विचारत होतो, त्याला कारण होते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते आणि त्या चित्रावरून घराचा मालमत्तापत्रक बनतो. आमच्या गावच्या घराचा जुना कागद मोडीत, नंतरचा मराठीत, त्यानंतरचा कानडीत. मागची भिंत आणि शेजाऱ्यांचा गोठा यांत अंतर हातभर. तिथे चित्र कुणी डोळ्यांच्या अंदाजाने ओढून बसवले, तर तिन्ही लिप्यांतले कागद असून काय उपयोग?

"सर, ड्रोन उडण्याआधी घरमालकांनीच हद्दीवर चुना टाकायचा असतो," तो म्हणाला. "त्या दिवशी गावात राहा."

परतल्यावर शेजारच्या अण्णांना हे सांगितले. त्यांचे मराठी माझ्या कानडीइतकेच मोडके. चुन्याचे घमेले त्यांनी धरले, दोरी मी धरली. गोठ्याच्या कोपऱ्यापाशी आम्ही दोघेही बराच वेळ थांबलो होतो.