खोक्याला शक्ती कोण देतो?

बऱ्याच शाळांच्या कपाटात जुन्या म्युझिक सिस्टिमचे दोन लाकडी खोके धूळ खात पडलेले असतात. मोबाइलवरची गाणी बिनतारी पद्धतीने त्यांवर ऐकता येतील का, असे मुले विचारतात. ब्लूटूथचा छोटा ग्राहक आणून खोक्याच्या तारा थेट त्याला जोडल्या, तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मग ‘स्पीकर गेला’ असा निकाल लागतो आणि धडधाकट खोके भंगारात जातात. असे का होते हे समजून घ्यायला आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

रेडिओच्या सुरुवातीच्या काळात स्फटिक-संच वापरीत. त्याला ना बॅटरी, ना विजेची जोडणी. एरियलवर पडलेल्या लहरींतली ऊर्जाच कानाला लावलेल्या हेडफोनचा पडदा हलवी. पण ऐकणारा एकच! खोलीभर आवाज हवा तर एवढ्याशा ऊर्जेवर भागणार नव्हते.

चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलते ठेवण्याची कल्पना ऑलिव्हर लॉज यांनी 1898 मध्येच मांडली होती. आजच्या खोक्यातही तेच वेटोळे असते. मात्र त्या वेळी त्याला पुरेसा विद्युतप्रवाह देणारे साधन नव्हते. कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी 1915 साली वेटोळ्याला कर्णा जोडला. जत्रेत दिसतो तसाच कर्णा. तो वेटोळ्याची हालचाल हवेत फार चांगली उतरवतो, त्यामुळे थोड्या शक्तीत मोठा आवाज मिळतो. 1919 मध्ये सॅन दिएगो येथे अध्यक्ष विल्सन यांचे भाषण सुमारे 50,000 लोकांनी कर्ण्यांतून ऐकले. पण कर्ण्याचा आवाज नाकात बोलल्यासारखा. खर्जाचे स्वर त्यातून नीट येत नसत.

1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी कर्णा काढून टाकला आणि वेटोळ्याला कागदी शंकू चिकटवला. स्वर सुधारले, पण किंमत मोजावी लागली. शंकूचा खोका मिळालेल्या विद्युतशक्तीपैकी साधारण शेकडा एक भागच ध्वनीत बदलतो. बाकीची उष्णता! म्हणून जास्त शक्तीचा विवर्धक, म्हणजे आपला अँप्लिफायर, आवश्यक झाला. गंमत अशी की 1926 च्या रेडिओला 104 या खोक्यात विवर्धक आतच बसवलेला होता. पुढे दोघे वेगळे झाले आणि विवर्धक नसलेला खोका ‘पॅसिव्ह’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आजच्या बिनतारी स्पीकरमध्ये ते पुन्हा एकत्र नांदतात.

आता आकडेमोड करून पाहू. 8 ओहमच्या खोक्याला 1 वॅट द्यायचा, तर सुमारे 2.8 व्होल्ट आणि 0.35 अँपिअर लागतात. ब्लूटूथच्या ग्राहकातून साधारण एक व्होल्टचा संदेश निघतो, पण तो 10,000 ओहमसारख्या मोठ्या रोधासाठी असतो. म्हणजे शक्ती फक्त 0.0001 वॅट. लहरींबरोबर येतो तो संदेश. शक्ती भिंतीवरच्या प्लगमधूनच घ्यावी लागते.

तेव्हा ग्राहकातून विवर्धकाकडे आणि विवर्धकातून खोक्याकडे, असा क्रम ठेवावा. तळहातावर मावणारे विवर्धक आता सहज मिळतात. विवर्धक किमान किती ओहम सोसतो ते वाचून घ्यावे. 8 ओहमचे दोन खोके समांतर जोडले की रोध 4 ओहम होतो, हे नववी-दहावीच्या मुलांनी आधी कागदावर काढावे. तारा जोडताना विवर्धक बंद असावा, आणि खोक्याच्या तारा घरगुती विजेला कधीही लावू नयेत.

सगळे नीट वाजू लागले की एकाच खोक्याच्या दोन तारांची अदलाबदल करून दोन्ही खोके शेजारी शेजारी ठेवा. तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा एकदम पातळ होतो. एक शंकू पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि हवा एकाकडून दुसऱ्याकडे सरकते. तबल्याची चाट मात्र तशी हरवत नाही. ते का, हे मुलांना विचारून पाहा. तरंगलांबीचा धडा तिथूनच सुरू करता येतो.