संगणकाची झोप आणि ड्रायव्हरचे मौन

१/ छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाताना सिल्लोड लागते. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीच्या निमित्ताने अशा तालुक्याच्या गावांपर्यंत संगणक शिक्षण पोहोचले. त्याच दशकात ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमनही सोसले.

२/ वीज गेली की यूपीएसवर संगणक काही मिनिटेच तग धरतो. अशा वेळी उपयोगी पडते ती ‘हायबरनेट’ची सोय: मेमरीतील सारे काम हार्ड डिस्कवर उतरवायचे आणि यंत्र बंद करायचे. वीज परतली की काम थांबले होते तेथूनच पुढे सुरू. मात्र या झोपेतून यंत्र जागे होईलच, याची हमी कोणी द्यायची?

३/ पडदा, ध्वनी, नेटवर्क, डिस्क यांच्याशी ऑपरेटिंग सिस्टिम बोलते ती ‘ड्रायव्हर’मार्फत. झोपण्यापूर्वी ड्रायव्हरने आपल्या उपकरणाची स्थिती जपायची, जागे होताना ती पूर्ववत करायची. एकाने जरी कुचराई केली, तरी पडदा काळाच राहू शकतो आणि जतन न केलेले काम हातचे जाते.

४/ १९९२ मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एपीएम’ हे मानक आणले. त्यात सूत्रे मुख्यतः बायोसच्या हाती होती. पण वापरकर्ता काय करतो आहे, हे बायोसला नीटसे कळत नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांचे ‘एसीपीआय’ आले. अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेला आणि जबाबदारीचा मोठा वाटा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांवर आला.

५/ विंडोज २००० ने ही जबाबदारी नियमात बांधली: नव्या ड्रायव्हरने वीज-व्यवस्थापनाला साथ दिलीच पाहिजे. जुन्या घडणीचा एखादा ड्रायव्हर असला, तर संपूर्ण यंत्राची झोप अडू शकत असे.

६/ लिनक्सची अडचण निराळी होती. त्याचे ड्रायव्हर जगभरातील असंख्य लोक लिहीत. झोपेची आज्ञा हाताळणारे ‘सस्पेंड’ हे फंक्शनच एखाद्याने लिहिले नसेल, तर त्याचे मौन ही संमती समजली जाई. यंत्र झोपे, ते उठेल की नाही, हा दैवाचा भाग.

७/ २००७ मध्ये नवे ड्रायव्हर सादर करणाऱ्यांसाठीच्या लिनक्सच्या सूचनांत एक परिच्छेद आला. सस्पेंड आणि रिझ्यूम ही फंक्शन्स आवश्यक तेथे लिहा व तपासून पाहा. खात्री देता येत नसेल, तर निदान ‘ही सोय उपलब्ध नाही’ असा त्रुटी-संकेत परत करा.

८/ या सूचनेचे मर्म दुसऱ्या वाक्यात आहे. स्पष्ट नकार मिळाला की झोपेची प्रक्रिया तेथेच थांबते. यंत्र जागे राहते, काम वाचते. बॅटरी थोडी अधिक खर्च होते, एवढेच. खोट्या होकारापेक्षा प्रामाणिक नकार सुरक्षित, हे तत्त्व येथे नियमाच्या रूपाने उतरले.

९/ डिसेंबर २००९ च्या लिनक्स २.६.३२ मध्ये पुढचे पाऊल पडले: यंत्र चालू असतानाच, वापरात नसलेले एखादे उपकरण स्वतंत्रपणे झोपवण्याची सामाईक चौकट.

१०/ अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सच आहे. आज सिल्लोडच्या बाजारात कुणाच्या खिशातील फोन दिवसभर टिकतो, त्यामागे केवळ मोठी बॅटरी नसते. वेळेवर झोपणारे आणि हाकेसरशी जागे होणारे अनेक ड्रायव्हरही असतात.