बालवाडीच्या बाईंचे समाधान

बोर्डी आणि कोसबाड ही गावे पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती; 2014 पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. ग्रामीण बालशिक्षिकेच्या कामाला घाट मिळाला तो इथे. 1945 मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. 1957 मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले.

वारली पाड्यावरची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग बिया, पाने, शंख-शिंपले मांडून मोजणी शिकवायची, असा शिक्षिकेचा दिवस असे. साधने तिने स्वतः जमवलेली, पद्धत परिसरातून घडलेली. कामातले समाधान टिकवणाऱ्या तीन गोष्टी यात होत्या: निर्णयाची मोकळीक, सहकाऱ्यांची साथ आणि डोळ्यांसमोर उमलणारे मूल.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी देशभर पोहोचली. पोषण आहार, लसीकरणाला मदत, वजनाच्या नोंदी ही कामे शिकवण्याला जोडली गेली. सेविकेला मात्र वेतन नव्हे, मानधन मिळाले. मुलांच्या मायेने मन भरते, पण कामाला प्रतिष्ठा नसली की तेच मन थकते. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला.