पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि विवेक

श्रोतेहो, आपल्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलावर रुसते, हक्काने त्याला बोलही लावते. श्रद्धा म्हणजे मुकाट मान तुकवणे नव्हे, हे आपल्या ओळखीचे आहे. पंडिता रमाबाईंना मात्र त्यासाठी इंग्लंडात झगडावे लागले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे एकच, हा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेरल्डीन यांचे म्हणणे, चर्चची शिकवण नम्रपणे मानावी. रमाबाईंनी १८८५ मध्ये पत्रातून कळवले, की पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे. आता तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही. देवाने विवेक दिला, तो आपणच वापरायचा.

पुढे १८९१ च्या सुमारास त्यांची ख्रिस्तावरील श्रद्धा दृढ झाली, ती कोणाच्या आज्ञेने नव्हे, स्वतःच्या शोधातून. केडगावी राहून त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते काम पुरे झाले. साध्यासुध्या बायकांनाही ते वाचता यावे, स्वतःच समजून घेता यावे, म्हणून हा खटाटोप.