ध्वनी-संवेदन उपचार (वृद्धांसाठी)

ओळखीचे आवाज, वास, स्पर्श आणि चवी जाणीवपूर्वक पुरवून थकलेल्या, दुर्बल वृद्धांचे मन उल्हसित ठेवण्याची ही पद्धत आहे. १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये मुळात बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी ‘स्नूझेलेन’ या नावाने मंद दिवे, सुगंध आणि संगीत असलेल्या खास खोल्या निघाल्या. रत्नागिरी जिल्ह्यात अशा उपचाराची गरज आहे, पण तसल्या खोल्यांची नाही. २०११च्या जनगणनेत येथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावता माणूस मुंबईत आणि म्हातारी माणसे गावात, हे त्या आकड्यामागचे मुख्य कारण. गणपती-शिमग्याला घरे गजबजतात, एरवी दिवसभर शुकशुकाट असतो. मृदंग, टाळ, जाखडी नृत्याचा ठेका, हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्यांचा वास हे सगळे गावातच आहे. उणीव आहे ती सातत्याची.

गाणी ऐकवणे हा कसला उपचार, हा आक्षेप रास्त आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील संगीतोपचाराचा, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१८चा आढावा सांगतो, की उदासी बहुधा कमी होते. स्मरणशक्तीवर मात्र फारसा परिणाम दिसत नाही. झिजलेले स्नायूही संगीताने भरून येत नाहीत, त्याला व्यायाम आणि प्रथिनयुक्त आहारच लागतो. म्हणून दावा बेताचाच करावा. पण खुर्चीत बसल्या बसल्या हातात टाळ देऊन ठेका धरायला लावला, तर बोटे, मनगट आणि खांदे हलतात, शेजारच्याशी ताल जुळवावा लागतो. दिवसभर टीव्ही लावून ठेवण्याने यातले काहीच घडत नाही. गाणे त्या माणसाच्या आवडीचे हवे, आणि ‘पुरे’ म्हटल्यावर थांबवायला हवे. कर्णकर्कश डीजे हा तर उपचाराच्या उलट टोकाचा प्रकार.

त्याहून मोठी चूक म्हणजे ऐकू येत नसलेल्या माणसाला ऐकवत राहणे. कानातला मळ काढणे, श्रवणयंत्र बसवणे, मोतीबिंदू काढणे ही या उपचाराची पहिली पायरी. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘अचीव्ह’ चाचणीत श्रवणयंत्रांचा फायदा सरसकट सगळ्यांना दिसला नाही. मात्र ज्यांना बौद्धिक ऱ्हासाचा धोका जास्त होता, त्यांच्या बौद्धिक क्षमतेची घसरण तीन वर्षांत जवळपास निम्म्याने मंदावली. तेव्हा वाडीतल्या भजनी मंडळांनी आठवड्यातून एकदा एकाकी वृद्धांच्या एखाद्या घरी बैठक जरूर भरवावी. त्याआधी घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी त्या आजी-आजोबांचे कान तपासून आणावेत.