शुद्ध, स्वच्छ आणि सांडपाणी : महाराष्ट्रातील ग्रामीण पाण्याच्या इतिहासाचे एक वाचन

मराठीत पाण्याला ‘शुद्ध’ हे विशेषण दोन अर्थांनी लावले जाते. पहिला अर्थ धर्माचाराचा आहे : कोणाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि कोणत्या विधीने ते पुन्हा शुद्ध होते, हे त्यात अभिप्रेत असते. दुसरा अर्थ आरोग्यशास्त्राचा असून त्याचा संबंध रोगजंतू, क्षार आणि गाळ यांच्याशी आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील पिण्याच्या पाण्याचा आधुनिक इतिहास हा या दोन अर्थांची फारकत होत जाण्याचा इतिहास म्हणून वाचता येतो. मात्र ही फारकत गावात येणाऱ्या पाण्याच्या बाबतीत जितकी झाली, तितकी गावातून बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या बाबतीत झाली नाही. परिणामी पाणवठ्याचा इतिहास हक्काच्या परिभाषेत लिहिला गेला, तर सांडपाण्याचा इतिहास सेवा, त्याग आणि स्वच्छता यांच्या परिभाषेत अडकून पडला.

पहिल्या इतिहासाचे टप्पे परिचित आहेत. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला आणि सार्वजनिक निधीतून बांधलेले व चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना वापरू द्यावेत, हे तत्त्व नोंदवले गेले. महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. परंतु ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या प्रतिनिधींनी त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ला झाला आणि दही, दूध, शेण व गोमूत्र मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. ‘शुद्ध’ या शब्दाच्या दोन अर्थांमधील विरोध इतक्या ठळकपणे क्वचितच प्रकट झाला असेल, कारण आरोग्याच्या दृष्टीने पाहता या शुद्धीकरणाने पाणी दूषितच केले होते. पुढे तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

याच दशकात इतर भाषांतील कथासाहित्याने हा प्रश्न हाताळला. प्रेमचंदांच्या ‘ठाकूर का कुआँ’ (१९३२) या कथेत आजारी नवऱ्यासाठी गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर जाते, ती स्वतःच्या विहिरीच्या पाण्याला दुर्गंधी येत असल्यामुळे. तिला हवे आहे ते स्वच्छ पाणी. तिच्या आड येते ती शुद्धतेची कल्पना. मुल्कराज आनंद यांच्या ‘अनटचेबल’ (१९३५) या इंग्रजी कादंबरीत विहिरीवर कोणीतरी पाणी वाढील म्हणून तिष्ठणारी सोहिनी आणि शौचकूप साफ करणारा तिचा भाऊ बखा एकाच कुटुंबात आहेत. पाणी नाकारले जाणे आणि मैला वाहावा लागणे ही एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत, हे कादंबरीच्या रचनेतूनच स्पष्ट होते. इतिहासलेखनात मात्र ही दोन टोके क्वचितच एकत्र आली.

स्वातंत्र्योत्तर काळात पाणवठ्याचे स्वरूप तंत्रज्ञानाने बदलले. पायऱ्यांची बारव ही पाण्यात उतरून पाणी भरण्याची जागा होती आणि नारूचा प्रसार अशाच पाण्यातून होई. रुग्णाचा पाय पाण्यात बुडाला की जंताच्या अळ्या पाण्यात मिसळत आणि ते पाणी पिणाऱ्याला पुढे तोच रोग होई. पायऱ्या बंद करणे, पाणी गाळणे आणि विंधन विहिरी खोदणे या उपायांनी रोग हटला. २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. विंधन विहिरीवरील हातपंपाच्या इतिहासात महाराष्ट्राचे विशेष स्थान आहे. जालना आणि सोलापूर येथे मिशनरी कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या पंपांच्या अनुभवावर, युनिसेफच्या सहकार्याने, १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप विकसित झाला आणि तो पुढे आशिया-आफ्रिकेतील असंख्य गावांत पोहोचला. झाकलेल्या पाण्यामुळे दोर, पोहरा आणि स्पर्श यांचा प्रश्न काही अंशी मागे पडला; परंतु पंप कोणत्या वस्तीत बसवावा, हा प्रश्न उरलाच. शिवाय नितळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे, हे चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील खोल विंधन विहिरींतल्या फ्लोराइडने दाखवून दिले.

दुसऱ्या इतिहासाची सुरुवात बहुधा गाडगे महाराजांपासून (१८७६–१९५६) केली जाते. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडणे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत अंधश्रद्धेवर प्रहार करणे, ही त्यांची रीत होती. झाडण्याचे काम त्यांनी जातीपासून सोडवून प्रत्येकाच्या हाती दिले, हे त्यातील मर्म होय. अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी हाच प्रश्न मैल्याच्या संदर्भात उभा केला. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम स्वतःसाठी मागितले; ते नाकारले गेले तेव्हा येरवड्यातून गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणारे संडास आणि गोबरवायू यांचे प्रयोग केले. सेवेपुरते न थांबता ज्या रचनेत माणसाला मैला हाताळावाच लागणार नाही अशी रचना शोधणे, हे या प्रयोगांचे वेगळेपण होते. देहू येथील सरकारी आरोग्य केंद्रात १९५९ मध्ये रुजू झालेले डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी हा धागा पुढे नेला. सुरुवातीला बांधलेले संडास पावसात कोसळल्यावर ते पटवर्धनांच्या प्रयोगांकडे वळले आणि संडासाला जैववायू संयंत्र जोडण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

शासकीय योजनांतही हे दोन प्रवाह दीर्घकाळ समांतर वाहिले. २०००-०१ मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तर २००३ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने जलस्वराज्य प्रकल्प आला. २०१९ च्या जलजीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठरवले. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होते, असे अभियांत्रिकीत सामान्यतः गृहीत धरले जाते. त्या हिशेबाने हजार वस्तीच्या गावात रोज ४४,००० लिटर सांडपाणी निर्माण होणार. डोक्यावरून आणलेल्या दोन हंड्यांच्या काळात मोरीतून परसात, अळूच्या वाफ्याला जाणारे पाणी हा प्रश्नच नव्हता. नळाने तो निर्माण केला. शोषखड्डे, परसबागा आणि स्थिरीकरण तळी हे त्यावरील उपाय माहीत आहेत. मात्र गटार उताराने वाहते, आणि त्या उताराच्या टोकाला कोणाची वस्ती आहे, हे आराखड्याच्या नकाशात लिहिलेले नसते.

म्हणूनच महाडचा वारसा केवळ पाणी पिण्याच्या हक्कापुरता वाचणे अपुरे ठरते. हाताने मैला साफ करण्याची प्रथा संपवण्यासाठी १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा करावा लागला, यावरून पहिला इतिहास जितका पुढे गेला तितका दुसरा गेला नाही, हे दिसते. आनंद यांच्या कादंबरीने एका कुटुंबात एकत्र आणलेली विहीर आणि शौचकूप मराठीतील आत्मकथनांत, सुधारकांच्या लेखनात आणि ग्रामपंचायतींच्या दप्तरांत विखुरलेली आहेत. ही साधने शेजारी ठेवून वाचली, तर गावात येणारे पाणी कोणाला मिळाले याबरोबरच गावातून जाणारे पाणी कोणाच्या दारात थांबले, याचाही इतिहास लिहिता येईल.